बुरूज बांधण्याआधीची वही

मागच्या मे महिन्यात गोव्यात डिचोलीच्या एका साइटवर टाइल्स बसवणारा मुलगा दुपारी डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. वय तेवीस-चोवीस असेल. चार घास खाल्ले आणि म्हणाला, "काका, मला येशूच्या मागे जायचंय. बाप्तिस्मा कधी मिळेल?"

मी पाळक नाही. घरांची अंदाजपत्रकं काढणं, मापं घेणं, मेस्त्रींच्या कामावर नजर ठेवणं यात माझी तीस वर्षं गेली. रविवारी आमची वीसेक जणांची मराठी मंडळी एका घराच्या सोप्यावर जमते, तिथं मी वडिलाची, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याची, जबाबदारी सांभाळतो. त्या मुलाचा प्रश्न ऐकून त्याला तिथंच मिठी मारावी असं वाटलं. तरी मी त्याला तारीख दिली नाही. म्हणालो, "शंभर पानी वही आण. आधी अंदाजपत्रक करू."

ती वही कशी भरायची ते इथे सांगतो. तुम्ही स्वतः या उंबरठ्यावर उभे असाल किंवा तुमच्याकडे कुणी हाच प्रश्न घेऊन आलं असेल, तर उपयोगी पडेल.

कल्पना माझी नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात मोठा लोकसमुदाय येशूबरोबर चाललेला असतो. कुठलाही पुढारी अशा वेळी पावलं वाढवतो. येशू थांबतो, मागे वळतो आणि विचारतो: बुरूज बांधायचा असला तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? पाया घालून काम अर्धवट राहिलं तर बघणारे हसतील. हा बुरूज म्हणजे किल्ल्याचाच असं नाही. द्राक्षमळ्यात राखणीसाठी असा बुरूज बांधत, आपल्याकडे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मांगर म्हणजे खोपटं असतं तसा. म्हणजे येशू राजेमहाराजांशी बोलत नव्हता. मळा असलेल्या, मजुरांना पैसे मोजून देणाऱ्या माणसांशी बोलत होता.

आमच्या धंद्यात अशी अर्धी घरं जागोजाग दिसतात. चिऱ्यांच्या भिंती छातीपर्यंत आलेल्या, सळ्या गंजून वर आलेल्या, चार पावसाळे खाऊन चिरा काळा पडलेला आणि चौथऱ्याच्या भेगेत पिंपळ. मालकाकडे पैसे नव्हते असं दर वेळी नसतं. त्यानं चिरे, रेती, सिमेंट, सळ्या आणि मजुरी धरलेली असते. विहीर, सेप्टिक टँक, कंपाउंड, वीजजोडणी यांना अंदाजपत्रकात जागाच नसते. घर बुडतं ते न लिहिलेल्या बाबींत.

गोव्यात तर हे बोलायला आणखी एक कारण आहे. या मातीला धर्मांतराची जुनी जखम आहे. १५६० मध्ये इथं पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. माणसं भीतीनं बदलली, सवलतीसाठी बदलली, तर काहींनी देव पालखीत घालून नदीपलीकडे नेले. अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची, कितीतरी देवळं तशी आलेली आहेत, आणि त्या आठवणी घराघरांत आजही सांगितल्या जातात. अशा जागी जो कुणी येशूचं नाव घेऊन फायदा पुढे करतो, म्हणजे नोकरी, शाळेची फी, आजार बरा होण्याची हमी, तो येशूच्या नेमका उलट वागतो. पाच हजारांना भाकर दिल्यावर लोक परत भाकरीसाठी आले, तेव्हा येशूनं त्यांना कठीण वचन ऐकवलं आणि पुष्कळ जण निघून गेले. त्यानं कुणालाही अडवलं नाही. उलट बारा जणांना विचारलं, तुम्हीसुद्धा जाऊ पाहता काय? योहानाच्या सहाव्या अध्यायात हे आहे. किंमत आधी सांगा. न सांगता माणूस आणलात, तर त्याचं घर अर्धं राहण्याचा दोष तुमच्यावर.

पहिले पंधरा दिवस वही कोरी ठेवा

आधी मार्कचं शुभवर्तमान पूर्ण वाचा. सोळा अध्याय आहेत, मोठ्यानं वाचले तर दोनेक तासांत संपतात. एकदा सलग वाचा, मग रोज एक अध्याय. पेन्सिल घ्या आणि जिथं जिथं कुणी येशूच्या मागे निघतो किंवा निघायचं म्हणतो, तिथं समासात खूण करा. त्याला काय सोडावं लागलं तेवढंच बघा.

तुमच्या लक्षात येईल की दर वेळी रक्कम वेगळी आहे. कोळी जाळी सोडतात. लेवी जकात नाक्यावरून उठतो. कोळ्यांना जाळ्यांकडे परतता आलं असतं, नाका सोडलेल्याला ती जागा पुन्हा मिळणार नव्हती. धनवान माणसाला सगळं विकून गरिबांना दे असं सांगितलं जातं. तो खिन्न होऊन जातो, आणि मार्क मुद्दाम लिहितो की येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली. प्रीती केली आणि तरी रक्कम कमी केली नाही. हे वाक्य मी अजून थांबून थांबून वाचतो. लूकमधला जकातदार जक्कय मात्र कुणी न मागता अर्धी मालमत्ता देतो आणि फसवलेल्यांना चौपट परत करतो. बेथानीच्या मार्था-मरिया या बहिणींचं घर त्यांच्याकडेच राहतं, कारण येशूला जेवायला तिथंच जायचं असतं.

पाचव्या अध्यायातला गरसेकरांच्या प्रदेशातला माणूस विसरू नका. भुतांनी पछाडलेला, थडग्यांत राहणारा. बरा झाल्यावर तो विनवतो, मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू त्याला नाही म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांकडे जा, असं सांगतो. आमच्याकडे नवा विश्वासात आलेला तरुण बहुतेक वेळा दूर कुठंतरी जायच्या गोष्टी करतो. संत जुझे वाझ यांचं नाव गोव्यात सगळ्यांना ठाऊक. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले हे गोंयकार धर्मगुरू १६८७ मध्ये वेष पालटून लंकेत गेले, कारण डच अमलात कॅथलिक धर्मगुरूंना तिथं बंदी होती. कँडीत कैद सोसली, १७११ मध्ये तिथंच देह ठेवला, गोव्यात परत आले नाहीत. मी कॅथलिक मंडळीतला नाही, पण सांकवाळला कामाला असताना त्यांच्याबद्दल ऐकलं आणि मान लवली. तरीही त्यांचा आकडा उतरवून आपल्या वहीत लिहायचा नाही. शेजाऱ्याच्या घराच्या अंदाजपत्रकावर आपलं घर कुणी बांधत नाही. तुम्हाला कदाचित लंकेपेक्षा अवघड ठिकाणी, आपल्याच स्वयंपाकघरात पाठवलं जाईल.

तीन रकाने

आता वही उघडा आणि तीन रकाने आखा. पहिल्यात बाब. दुसऱ्यात मी काय देणार. तिसऱ्यात माझ्यापायी दुसरं कोण काय देणार.

मोठे शब्द लिहू नका. 'कुटुंब' ही बाब नाही. 'चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) पहिल्या दिवशी सकाळी आरतीच्या वेळी मी कुठे असेन' ही बाब आहे. 'पैसा' ही बाब नाही. 'मापाच्या वहीत खोटं माप लिहायला सांगितलं तर' ही बाब. नाव, जागा आणि वेळ येत नाही तोवर खोडून पुन्हा लिहा. आम्ही 'बांधकाम: एकूण इतके' असं लिहून दिलं तर मालक आम्हाला उभं करणार नाही.

तिसरा रकाना माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेला आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो.

मी १९९८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लग्नाला दीड वर्ष झालेलं. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण वाचणं, भजन, प्रार्थना मराठीत. मराठी नवा करार मी दोन वर्षं लपवून वाचत होतो आणि माझा निश्चय पक्का झाला होता. दुसरा रकाना मी मनात पुरता भरला होता. काम जाईल, चालेल. नातलग हसतील, चालेल. मार बसेल, तोही चालेल. बायकोला मी आदल्या रात्री सांगितलं. मला वाटलं, किंमत मी मोजतोय, तिला त्रास कशाला. ती काही बोलली नाही, मच्छरदाणी नीट खोचली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या वर्षी चवथीला तिच्या माहेराहून वजें आलं नाही. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत चवथीला मुलीच्या माहेराहून सासरी फराळाचं, फळांचं वजें येतं, आणि ते शेजारीपाजारी वाटलं जातं. आदल्या वर्षी टोपल्या आल्या होत्या, तिनं सगळ्या वाड्यावर वाटल्या होत्या. त्या वर्षी ती दिवसभर दारातला आवाज ऐकत होती. माझ्या हिशेबात ही बाब नव्हतीच. मी तिच्या खात्यातून खर्च केला होता, तिला न विचारता. तिनं मला पुढे क्षमा केली, आणि सहा वर्षांनी ती स्वतःच्या मनानं येशूकडे आली. पण वजें आलं नाही ती संध्याकाळ परत देता येत नाही.

येशूच्या जन्मानंतर मंदिरात म्हातारा शिमोन त्याच्या आईला, मरियेला, सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार भोसकून जाईल. म्हणजे पहिल्यापासून तिसरा रकाना होता. आणि वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, येशू आईला शिष्याच्या हाती सोपवतो: ही तुझी आई. त्याच वेळेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं असं योहान लिहितो. आपल्या आज्ञापालनाची किंमत आई मोजते आहे हे तो विसरला नव्हता.

म्हणून तिसऱ्या रकान्यात जिचं किंवा ज्याचं नाव येईल, त्या माणसाला तुमच्या तोंडून आधी कळलं पाहिजे. त्यांची परवानगी मिळेलच असं नाही, आणि ती मिळेपर्यंत थांबायचं असंही मी म्हणत नाही. पण कळलं पाहिजे, आणि पुरेसं आधी.

घरी कसं सांगायचं

येशू म्हणतो की जो आपल्या आईबापांचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. हे वचन हातात घेऊन काही मुलांनी घरात फार कठोर बोलणी केलेली मी पाहिली आहेत. थांबा. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात हेच वचन 'माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती' अशा शब्दांत आहे. आपल्या कहाण्यांत राजाला आवडती आणि नावडती राणी असते. नावडतीला राजा शिव्या देतो असं नसतं, तिचा नंबर दुसरा असतो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात याकोबाच्या नावडत्या बायकोबद्दल, लेआबद्दल, तोच शब्द आहे, तिथंही अर्थ तोच. आणि 'देवाला अर्पण केलं' असं म्हणून आईबापांना द्यायचं ते न देणाऱ्यांना येशूनं मार्कच्या सातव्या अध्यायात खडसावलं आहे. आईला औषधाचे पैसे न देता मंडळीत देणगी देणारा माणूस शिष्य नाही.

सांगताना एवढं पाळा. पाहुणे असताना सांगू नका. सणाच्या पंधरा दिवस आधी-नंतर सांगू नका. फोनवर सांगू नका. दुसऱ्या कुणाला मध्यस्थ म्हणून, विशेषतः मंडळीतल्या माणसाला, घेऊन जाऊ नका. संध्याकाळी दिवे लागल्यावर सगळे घरात असतील तेव्हा खाली बसून सांगा. आधी काय बदलणार नाही ते सांगा: मी इथंच राहणार, दर महिन्याचे पैसे देणार, तुमच्या दुखण्याखुपण्याला मीच धावणार. मग काय बदलेल ते. त्यांच्या देवांबद्दल, त्यांच्या पूजेबद्दल एक वावगा शब्द नको. मग गप्प बसा. रडू दे, ओरडू दे. माझी आई तेव्हा एवढंच म्हणाली, "तूं आमचो उरतलो न्ही रे?" मी हो म्हणालो. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्या एका 'हो'चं देणं मी फेडतो आहे, आणि आनंदानं.

चवथीचं आमच्या घरी असं ठरलं आहे. आदल्या आठवड्यात घराची रंगरंगोटी, विहिरीची साफसफाई, कौलं बदलणं माझ्याकडे. आरती चालू असताना मी बाहेर सोप्यावर बसतो. जेवायला सगळ्यांबरोबर पंगतीला असतो. पातोळ्या हळदीच्या पानात उकडतात तेव्हा आई माझ्यासाठी वेगळा घाणा करते, नैवेद्यात न गेलेला. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल जे लिहिलं, त्यावर आमच्यातही एकमत नाही. काही जण घरचा प्रसाद घेतात, काही नाही. तुम्ही आठवा ते दहावा हे अध्याय वाचून आपापलं ठरवा. मला इतकंच सांगायचंय की माझ्या विवेकाची किंमत आई दरवर्षी एका जास्तीच्या घाण्यानं भरते, आणि तिच्या गुडघ्यांना चुलीपुढे बसणं आता सोसत नाही. हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

सगळ्यात अवघड बाब मृत्यूची. ती पुढे ढकलू नका. एका माणसानं येशूला म्हटलं, आधी मला जाऊन बापाला पुरू दे. उत्तर आलं, मेलेल्यांना त्यांच्या मेलेल्यांना पुरू दे. काही अभ्यासक म्हणतात की बाप तेव्हा जिवंत असावा आणि मुलगा 'बाप असेपर्यंत थांबतो' म्हणत असावा. काही म्हणतात, वर्षभरानं अस्थी गोळा करून ठेवायची त्या काळची रीत इथे अभिप्रेत असेल. काहीही असो, वचन बोचतं, आणि हिंदू घरातल्या थोरल्या मुलाला तर ते काळजात बोचतं. मी थोरला. वडील धडधाकट असतानाच मी त्यांच्याशी बोललो. बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "धाकटो दितलो. पूण खांदो तुवें दिवप."

ते २००६ च्या आषाढात गेले. अग्नी धाकट्यानं दिला. खांदा मी दिला. लाकडं मी रचली, आणि पाऊस थांबत नव्हता म्हणून पेट घेईपर्यंत ताडपत्रीचं एक टोक धरून उभा राहिलो. बारा दिवस घरी होतो. आल्यागेल्याचं चहापाणी, जेवणावळीचं सामान, भटजींना आणणं-सोडणं माझ्याकडे. पिंडाला मी बसलो नाही. त्यावरून एक काका पुढं कित्येक वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. पण स्मशानात वाद झाला नाही, कारण वडिलांनी स्वतः वाटणी करून ठेवली होती. तुमच्या घरीही आजच बोला. खुद्द तुमचा देह कुठं जाईल, कुणी पुरायचा, कुठल्या जागेत, हेही विचारून ठेवा; लहान मंडळ्यांकडे स्वतःची स्मशानभूमी बहुतेक नसते, आणि हा प्रश्न रात्री अकरा वाजता सोडवायचा नसतो.

काम आणि पैसा

बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी एका ठेकेदारानं मला पायाची खोली जास्त दाखवायला सांगितलं. खोदली त्यापेक्षा फूटभर जास्त. मापाच्या वहीत सही माझी. मी नाही म्हणालो, काम गेलं, आणि आठ महिने मी दुसऱ्यांच्या हाताखाली रोजानं राबलो. यात मोठेपणा काही नाही. त्याआधी अशाच वह्यांवर मी सह्या केलेल्या होत्या. जक्कयाची गोष्ट वाचल्यावर त्याही वर आल्या. दोन घरमालकांकडे जाऊन मी सांगितलं आणि पैसे हप्त्यानं परत केले. एकानं घेतले. दुसऱ्यानं चहा पाजला आणि पुन्हा कधी काम दिलं नाही.

तुमच्या वहीत तुमच्या धंद्यातलं असंच एक पान हवं. तुमच्या कामात सगळेच करतात आणि कुणी चोरी म्हणत नाही अशी गोष्ट कोणती, हे तुम्हालाच ठाऊक.

आणि भावांशी जमिनीचं भांडण असेल तर ते याच पानावर. गोव्यात कितीतरी भावंडांमधलं बोलणं फक्त इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसाच्या वाटणीच्या, कोर्टात उरलंय. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. मला विचाराल तर घर सोडण्यापेक्षा हे महाग पडतं. मूर्ती न पुजण्याचं धैर्य असलेली माणसं मी पाहिली आहेत, ती दोन मीटर बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलत नाहीत.

कागदपत्रं थोडक्यात. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्यांनी जाणून घ्या: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर शीख व बौद्धांनाच मिळतो; ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. मुलांच्या शिक्षणावर याचा परिणाम होतो, म्हणून हे तिसऱ्या रकान्यात, मुलांच्या नावानं लिहा. दाखला ठेव आणि गुपचूप ये, असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका; खोट्यावर पाया घालायचा नाही. आणि उत्साहाच्या भरात जमीन दान करायला निघाला असाल, तर गोव्याच्या दिवाणी कायद्यात नवराबायकोच्या सामायिक स्थावराला दोघांच्याही सह्या लागतात, आणि मुलांचा राखीव अर्धा हिस्सा तुम्हाला दान करता येत नाही. हा कायदा मला तिसऱ्या रकान्यासारखाच वाटतो. बाप्तिस्म्यासाठी कुणी पैसे मागितले, किंवा देऊ केले, तर तिथून उठून या.

वधस्तंभ कोणता

लूकमध्ये 'दररोज' आपला वधस्तंभ उचलून घ्या असं आहे. ऐकणाऱ्यांना हा अलंकार वाटला नसणार. रोमी शिपाई दोषी माणसाच्या खांद्यावर आडवं लाकूड देऊन त्याला गावाबाहेर नेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तो माणूस परत येत नसे.

म्हणून मधुमेह, गुडघेदुखी, नशिबी आलेला कर्कश शेजारी याला वधस्तंभ म्हणू नका. ती दुखणी आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, डॉक्टरकडे जा. वधस्तंभ येशूमुळे येतो आणि आपण तो उचलतो, टाळता येत असूनही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे एका बहिणीला 'तुझा वधस्तंभ आहे' म्हणून परत पाठवलेलं मी ऐकलं, तेव्हा मी उभा राहून विरोध केला. तो त्या नवऱ्याचा गुन्हा होता. तिला त्या रात्री आमच्या घरी आणलं.

बेरीज जुळत नाही तेव्हा

वही प्रामाणिकपणे भरली की एका रात्री तुम्ही बेरीज कराल आणि घाबराल. माझ्याकडे एवढं नाही, असं वाटेल. चांगलं आहे. बुरुजानंतर लगेच येशू दुसरं उदाहरण देतो: दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांवर जाणारा राजा. तो बसून विचार करतो, आणि जमत नसेल तर शत्रू दूर आहे तोवर वकील पाठवून तहाचं बोलणं लावतो. मी हे असं वाचतो की हिशेबात तूट आहे हे कळणं हाही हिशेबाचाच भाग. ज्याला तूट दिसत नाही तो मला काळजीत टाकतो. येशूचा शिष्य पेत्र म्हणाला होता, प्रभू, तुझ्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं, एका दासीपुढेही, कोळशाच्या शेकोटीजवळ. पुढे समुद्रकाठी येशू पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून, मासे भाजून त्याला बोलावतो आणि तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? या वेळी पेत्र 'तयार आहे' म्हणत नाही. "प्रभू, तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणतो. वहीच्या शेवटच्या ओळीत मी लोकांना हेच लिहायला सांगतो, रक्कम न लिहिता.

किती थांबायचं? प्रेषितांची कृत्ये वाचलीत तर फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी त्याच रात्री बाप्तिस्मा घेतो. पुढच्या काही शतकांत मात्र काही ठिकाणी उमेदवाराला तीन वर्षांपर्यंत शिकवत. दोन्ही खरं आहे. मी स्वतः एक पावसाळा म्हणतो. नव्या स्लॅबवरून एक पावसाळा गेला की गळती कुठं आहे ते कळतं. आणि त्या पावसाळ्यात चवथ येते.

तो टाइल्सवाला मुलगा दोडामार्गचा. वही आणली, दुसरा रकाना भरभर भरला. अक्षर सुंदर आहे त्याचं. तिसऱ्यात एकच शब्द: आई. मी म्हटलं, हे नाव झालं, बाब लिही. सुचेना. मग चवथीला गेला तेव्हा वही बरोबर घेऊन गेला. विसर्जन होऊन पंधरा दिवस उलटल्यावर आईसमोर बसला, सगळं सांगितलं, आणि विचारलं की तुला काय काय सोसावं लागेल ते तूच सांग, मी लिहून घेतो. ती आधी खूप रडली. मग सांगू लागली आणि तो लिहीत गेला. चार ओळी आहेत. त्यातली तिसरी अशी: 'तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध पौषात. तू एकटाच आहेस. मी कुणाला सांगू?'

त्यानं ते पान मला दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. तारीख अजून ठरलेली नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर तो, मी आणि माझी बायको दोडामार्गला जाणार आहोत. त्याच्या आईनंच बोलावलंय, जेवायला.